वाट पुसली तर बिघडतं कुठं?

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय अगदी साधा, 'आमच्या गावातली विहीर'. सातारा तालुक्यातल्या शाळा, आठवी ते दहावीची मुलं. एकेचाळीस निबंध आले. परीक्षक दोन, एक मी आणि दुसरे एक रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना सगळं गाव सरच म्हणतं. गठ्ठा घरी आणला, चहा ठेवला, पहिला निबंध वाचला, बरा वाटला. दुसरा घेतला तर वाटलं चुकून पहिलाच परत उचलला की काय. तिसऱ्यात पण तेच. "पाणी हे जीवन आहे. मानवी संस्कृतीचा विकास जलस्रोतांच्या सान्निध्यात झाला." मग बारवांचे (पायऱ्यांच्या विहिरींचे) चार प्रकार, नंदा, भद्रा, जया, विजया, म्हणजे एक प्रवेश असलेली, दोन, तीन आणि चार. मग साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची चामड्याची पिशवी), खोली ११० फूट, व्यास ५० फूट, १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधली. आणि शेवटी 'जल है तो कल है', मराठी निबंधात हिंदीत.

सव्वीस निबंध असे. मी मोजले, कारण सोळाव्यानंतर वाचण्यापेक्षा मोजणंच सोपं होतं.

त्यातल्या एका मुलाच्या घरावरून मी रोज जाते. त्यांच्या परसात एक साधा आड आहे, दीड हात कठडा, वर पत्रा टाकून झाकलेला. त्याचं वर्णन त्याने 'चारही दिशांना प्रवेशद्वारे असलेली विजया प्रकारची भव्य बारव' असं केलं होतं. या विजयेत गेल्या उन्हाळ्यात त्यांची कोंबडी पडली होती आणि ती काढायला अख्खी आळी जमली होती, आरडाओरडा, दोर, पाटी, एक पोरगं खाली उतरलेलं. म्हणजे पोराच्या घरात निबंध आयता होता हो, त्यात कोंबडी होती! त्याने तो सोडला आणि नेटवरून भव्य बारव आणली.

मार्क द्यायला बसलो तेव्हा मी सरांना म्हटलं की हे सव्वीस बाजूला ठेवूया. तर सर म्हणाले, "अहो ताई, मुलं आणणार कुठून? वाचूनच लिहिणार ना. तुम्ही तरी काय आकाशातून आणता का सगळं?"

प्रश्न बरोबर होता. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे सरांचं अर्धं म्हणणं मला मान्यच आहे. आकाशातून कोणीच आणत नाही. मराठीतलं जे सगळ्यात मोठं आहे असं आपण मानतो ते सरळसरळ दुसऱ्याच्या मजकुरावर उभं आहे. गीतेचे श्लोक ७००, त्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या ९ हजारांच्या आसपास, शके १२१२ ला नेवाशात सांगितल्या. विषय दुसऱ्याचा, क्रम दुसऱ्याचा, अध्यायसुद्धा तेच अठरा. आणि ते लपवलेलं कुठेय? शेवटच्या अध्यायात ते स्वतःच सांगतात, 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारातें वाट पुसतु'. व्यासांच्या पावलावर पाऊल ठेवत आणि आधीच्या भाष्यकारांना रस्ता विचारत विचारत मी चाललोय. आता बघा, ज्याला रस्ता विचारावा लागतो तो चालत असतो. नुसतं बसून राहणाऱ्याला रस्ता लागत नाही. गीतेत जिथे एक ओळ आहे तिथे ज्ञानेश्वरीत शेत येतं, पाट येतो, आई येते, लेकरू येतं, नेवाशाला बसलेल्या माणसाला जे दिसत होतं ते सगळं येतं. संस्कृत येणाऱ्या माणसालासुद्धा गीता वाचून झाल्यावर ज्ञानेश्वरी वाचायची गरज वाटते. माझ्या मते कसोटी हीच. मूळ वाचलेल्या माणसाला तुमचं वाचून काही मिळतं का? मिळत असेल तर तो लेख तुमचा, मग त्यात शंभर जणांचं उसनं का असेना.

पुढची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसवल्या, पाठ बिघडले. एकनाथांनी शके १५०६ ला बसून शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी दम देऊन ठेवला की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने 'अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली'. नरोटी म्हणजे करवंटी. पंगतीत वाढलेल्या ताटात कोणीतरी करवंटी आणून ठेवलीय, असं. आणि हे कोण म्हणतंय, तर ज्याने स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत एवढा मोठा ग्रंथ केला तो माणूस. म्हणजे दुसऱ्याच्या ग्रंथावर आपला ग्रंथ रचायला एकनाथांची काही हरकत नव्हती, तो उद्योग त्यांनी स्वतःच केला. हरकत होती ती कोणाचं काय ते कळेनासं होण्याला.

आणि तुकारामांना तर सरळ चोरच भेटला. सालोमालो म्हणून कोणी होता, तो तुकारामांचेच अभंग घेऊन शेवटी आपलं नाव लावायचा असं सांगतात. आज आपण फॉरवर्डखालचं नाव खोडून आपलं टाकतो तसंच, फक्त सतराव्या शतकात. तुकाराम वैतागून म्हणतात, 'अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें'. बचमंगळ हा शब्द मला फार आवडतो. सगळा कालवून ठेवलेला गोंधळ. आमच्या सव्वीस निबंधांना याच्यापेक्षा चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

(उलटी चोरी पण आता चालते, तिला काय म्हणायचं मला माहीत नाही. कोणीतरी साठीतला माणूस स्वतः चार ओळी लिहितो, 'आयुष्य म्हणजे रिकामा कप' असलं काहीतरी, आणि खाली पु. ल. देशपांडे लिहून सोडून देतो. आपल्या नावावर कोणी वाचणार नाही याची खात्रीच असते ना. पुलंच्या नावावर मोबाइलमध्ये एवढं जमलंय की त्यांनी जन्मभर दुसरं काही न करता फक्त सुविचार लिहिले असते तरी पुरलं नसतं.)

मराठी रंगभूमीचा धंदाच उसनवारीवर चालला आणि छान चालला. संशयकल्लोळ घ्या. मूळ मोलिएर, फ्रेंच. त्यावरून मर्फी नावाच्या माणसाने इंग्रजीत 'ऑल इन द राँग' केलं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य फाल्गुनराव केलं आणि मग पदं घालून १९१६ मध्ये संगीत संशयकल्लोळ. म्हणजे तिसऱ्या हाताचा माल. पण देवलांनी त्याचं काय केलं बघा, पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून काढली, फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, नोकर भादव्या. बायकोवर संशय घेणारा तो नवरा पॅरिसमधून निघाला होता असं आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, तो सदाशिव पेठेतून निघाल्यासारखाच वाटतो.

पुलंनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' हे नाटक आणलं तेव्हाही मूळ बर्नार्ड शॉचं पिग्मॅलियन आहे, एका फूलवालीला साहेबी बोलणं शिकवण्याचं नाटक, हे जाहीर होतं. आणि शॉने तरी नाव आणि कल्पना कुठून घेतली, ग्रीक दंतकथेतून, आपणच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडणारा शिल्पकार. पण अडचण अशी की इंग्लंडात उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो, तर आपल्याकडे उच्चारावरून जात, जिल्हा आणि घरात पुस्तकं होती का नव्हती एवढं सगळं कळतं. नुसतं भाषांतर करून हे आलंच नसतं. लंडनची फूलवाली मराठीत आणायची म्हणजे मराठीत कोण कोणाच्या बोलण्याला हसतं हे आधी माहीत पाहिजे, आणि ते शॉला विचारून कळणार नव्हतं. रूपांतर करणाऱ्याचं खरं काम तिथे सुरू होतं जिथे मूळ लेखक मदत करू शकत नाही.

याच्या उलट आपल्या जुन्या मासिकांमध्ये एक खोड होती, कथेच्या खाली बारीक टायपात 'कल्पना परकीय' किंवा 'एका इंग्रजी कथेच्या आधारे'. कोणाच्या? कुठल्या? काही नाही. परका म्हणजे जणू बेवारस. हातात घेतलेल्या पिशवीवर 'ही पिशवी माझी नाही' एवढंच लिहायचं, कोणाची ते सांगायचं नाही, असला प्रामाणिकपणा.

तर मुद्दा घेण्या-न घेण्याचा नाहीच. घरात दही लावायचं असतं तेव्हा विरजण संपलेलं असलं तर शेजारून वाटीभर आणतोच की आपण. दूध आपलं असतं, रात्रभर झाकून आपण ठेवतो, सकाळी दही आपलं. पण शेजारचं दहीच आणून आपल्या भांड्यात ओतलं आणि पाहुण्यांना म्हटलं घरी लावलंय, तर ते काय? सव्वीस पोरांनी तेच केलं होतं. आणि वाईट याचं वाटलं की दूध प्रत्येकाच्या घरात होतं. कोंबडी होती ना.

आता यावर शाळा-कॉलेजात जो उपाय शोधलाय तो रोगापेक्षा भारी आहे. 'शब्द बदलून लिहा.' आमच्या शेजारचा एक मुलगा पीएचडी करतोय, मराठी माध्यमातून, शेतीच्या इतिहासावर. एकदा प्रकरण घेऊन आला, म्हणाला मावशी, जरा शब्द बदलून द्या ना, टक्के जास्त येताहेत. मला आधी वाटलं मार्कांचे टक्के. मग कळलं की ते सॉफ्टवेअर किती मजकूर दुसरीकडे सापडतो ते टक्क्यांत सांगतं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध देता येणार नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शिवाय सामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंत जुळले तर ते धरायचे नाहीत अशीही सवलत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण पोरांनी त्यातून काय शिकलं, तर पंधरावा शब्द बदलायचा.

त्याच्या प्रकरणात एक वाक्य होतं, मी विसरणार नाही, 'कृषकाने वृषभाचे विक्रय केले.' मी म्हटलं हे काय रे. म्हणाला मूळ वाक्य 'शेतकऱ्याने बैल विकला' असं होतं मावशी, ते पकडत होतं. अरे बाबा, तो बैल का विकला? कुठल्या दुष्काळात? बाजार कुठला, दावणीत मागं काय राहिलं? हे विचारलं असतंस तर शब्द आपोआप वेगळे झाले असते! त्याने बैलाचा वृषभ केला आणि बैल होता तिथेच राहिला. साम्य टक्क्याने मोजायला लागलो की लोक साम्य लपवायला शिकतात, विचार करायला कशाला शिकतील. आणि इंग्रजीतलं पुस्तक उघडून पानंच्या पानं मराठीत उतरवली तर हे शब्द जुळवणारं यंत्र बहुतेक वेळा गप्पच बसतं, म्हणजे जो जास्त मोठी चोरी करतो तो शून्य टक्क्याने सुटतो.

आता तर एआय आलं. मजकूर द्या, म्हणा नवीन करून दे, अर्ध्या मिनिटात देतं, व्याकरणाची चूक नाही, सगळं गुळगुळीत. त्याच्याबद्दल ओरडायचा मला फारसा उत्साह नाही, कारण ते येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण हे हाताने करतच होतो. निबंधाची गाइडं काय होती मग? 'मी पाहिलेला अपघात' पाठ करून दरवर्षी हजारो मुलांनी तोच अपघात पाहिला, तोच ट्रक, तीच स्कूटर, आणि शेवटी तेच 'आजही तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो'.

मी साळसूद आहे असं नाही हं. पंचवीस वर्षांपूर्वी एका विशेषांकासाठी मी संगीत नाटकावर लेख लिहिला होता. तीन पुस्तकं समोर ठेवली, ह्यातला परिच्छेद, त्यातला परिच्छेद, मधे 'तथापि' आणि 'किंबहुना'ची शिवण. किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला झालं, पण मी ज्या पुस्तकावरून घेत होते त्यात छपाईची चूक होती, १८०८ पडलं होतं. मी तेच उतरवलं. पंधरा दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड. अक्षर सुरेख, मजकूर दोनच ओळी, की किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, तेव्हा जन्माआधी ३५ वर्षं नाटक बसवणारा हा पहिलाच नाटककार म्हणायचा, आणि ही चूक अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीतली आहे, आपण ते पुस्तक वापरल्याचं लिहिलेलं दिसत नाही. ते कार्ड मी फाडलं नाही, अजून कपाटात आहे.

त्या गृहस्थांनी मला पकडलं ती रीत जुनीच आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ना, १९१९ ला सुरू करून १९६६ ला पूर्ण, १९२५ पासून सुकथनकर त्याचे संपादक होते, तिथे १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. अशा कामात दोन पोथ्यांमध्ये बरोबर मजकूर सारखा असला तर त्यातून फार कळत नाही, बरोबर तर सगळेच लिहितील. पण दोघांत एकच चूक असेल तर समजायचं की एकाने दुसऱ्यावरून उतरवलंय किंवा दोघांनी एकाच तिसऱ्यावरून. चुकांवरून पोथ्यांची घराणी लागतात. आमच्या सव्वीस निबंधांत वीरूबाईंचं नाव एकोणीस ठिकाणी 'विरुबई' असं होतं. घराणं लगेच लागलं.

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात, त्यांचं म्हणणं होतं की आपल्या हम हिंदुस्तानी नाटकावरून सिनेमा ढापला, स्पष्ट सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक गोष्टी यांच्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो, मांडणी कशी केली त्यावर असतो. बरोबरच आहे, विहीर कोणाची खासगी नसते असं म्हणा. पण कायदा एवढंच बघतो की मालकाचं नुकसान झालं का. वाचकाचं झालं का ते कोण बघणार? आणि लिहिणाऱ्याचं?

सरांनी पुढे अजून एक मुद्दा काढला होता आणि तो मला सगळ्यात जड गेला. म्हणाले, ताई, तुमच्या घरात तीन पुस्तकं समोर ठेवायची सोय होती. या पोरांच्या घरात कॅलेंडर सोडून छापलेला कागद नाही. त्यांनी निदान शुद्ध मराठीतला एक उतारा मन लावून उतरवून काढला, त्याच्यातून 'सान्निध्य' शब्द शिकला, हे काय कमी आहे का? आपण सगळे गिरवूनच शिकलो.

खरंय. पाटीवर अ गिरवला, बाईंनी काढलेल्या अ वरून दहादा पेन्सिल फिरवली. कोणी म्हटलं नाही की हा अ चोरीचा आहे. पण पाटी पुसायचो की आपण! गिरवलेला अ कोणी फ्रेम करून स्पर्धेला पाठवला नाही. नकलून लिहिणं ही शिकायची एक पायरी आहे, वहीत हवं तेवढं करा, मीही अजून करते, चांगलं वाक्य दिसलं की वहीत उतरवते आणि शेजारी कोणाचं ते लिहिते. बक्षीस त्याला द्यायला लागलो की मग मुलाला कळतं की इथे एवढंच अपेक्षित आहे. आणि घरात पुस्तक नाही म्हणून गरीब पोराकडे लिहायला काही नाही, हे मला अजिबात पटत नाही. विहिरीबद्दल तर नाहीच. पुस्तकं असलेल्या घरात नळ होता हो, विहीर यांच्याकडे होती.

त्या गठ्ठ्यात एक निबंध होता, नववीतल्या मुलीचा. अक्षर वाकडं, 'पाणी'चा णी चार ठिकाणी ऱ्हस्व. नेटवरून तिनेही घेतलं होतं, तेच ११० आणि ५० फूट, आणि चक्क लिहिलं होतं की 'हे मी नेटवर वाचले.' पण तिचं गाव लिंबच्या जवळ, ती आत्याकडे गेली होती तेव्हा विहिरीवर जाऊन आली. आणि पुढचं वाक्य असं होतं, 'सगळीकडे बारा मोटा लिहिले आहे पण मी मोटेच्या जागा मोजल्या तर पंधरा भरल्या.' खरंच पंधरा आहेत, गेलात तर मोजा. मग तिने आजोबांना विचारलं. आजोबांनी त्या विहिरीवर नाही, पण स्वतःच्या मळ्यात लहानपणी मोट धरलेली. त्यांनी तिला नाडा म्हणजे कुठला दोर आणि सौंदर म्हणजे कुठला हे सुतळ्या घेऊन दाखवलं, थारोळ्यात, म्हणजे वरच्या दगडी कुंडात, मोट कशी रिकामी होते ते सांगितलं, आणि सांगितलं की मोट ओढताना बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली पळतो ते सोपं असतं, अवघड असतं ते परत वर येणं, कारण बैलाला मागं मागं चालावं लागतं, तोंड न फिरवता, आणि कुठलाही बैल ते आपणहून करत नाही, शिकवावं लागतं.

मग ती पोरगी लिहिते, 'नावाप्रमाणे बाराच मोटा धरल्या तरी चोवीस बैल. एका वेळी चोवीस बैल उलटे चालत असतील तर त्यांना उभे राहायला जागा किती लागली असेल आणि त्यांच्या ओरडण्यात माणसांना एकमेकांचे कसे ऐकू येत असेल?'

मी ती विहीर चार वेळा बघितलीय. पाहुणे आले की तिथेच नेतो आम्ही, वरून शिवलिंगासारखा आकार, आतला छोटा महाल, शिलालेख, सगळं दाखवते. आत उतरून वर बघतो, फोटो काढतो. चोवीस बैल माझ्या एकदाही मनात आले नव्हते. विहिरीभोवतीची रिकामी जागा ही विहिरीचाच भाग आहे हे मला एका णी ऱ्हस्व काढणाऱ्या मुलीने सांगितलं. तिने वापरलेली माहिती सव्वीस जणांकडे होती, तीच्या तीच, एक अक्षर जास्त नाही. तिने फक्त बाराचा आकडा जसाच्या तसा घेतला नाही, तो घेऊन तिथे गेली, तो मोजणीशी जुळला नाही तेव्हा घाबरली नाही, आणि मग त्याला दोनाने गुणलं.

सरांना मी हे वाचून दाखवलं. त्यांना आवडलं, पण म्हणाले शुद्धलेखन बघा, आणि समारोप कुठे आहे? खरंच नव्हता, निबंध त्या प्रश्नावरच थांबला होता. शेवटी तडजोड झाली, पहिला नंबर 'सान्निध्या'ला गेला, हिला दुसरा. तडजोडीत माझ्या हाती एवढंच लागलं की वाचनालयाच्या वार्षिक अंकात मात्र हिचा छापायचा. छापला.

यंदा परत तोच विषय ठेवला, सरांचाच आग्रह. तीन निबंधांत चोवीस बैल आले. पहिल्या दोघांत तिचा परिच्छेद जसाच्या तसा, आजोबांसकट, म्हणजे एका म्हाताऱ्याला वर्षभरात दोन नवीन नातवंडं झाली. तिसरा एका आठवीतल्या मुलाचा होता. त्याने लिहिलं होतं, 'मागच्या वर्षीच्या अंकात एका ताईने चोवीस बैल म्हटले आहेत. पण आमचे आबा म्हणतात मोठ्या मोटेला चार बैल लागायचे. तर मग अठ्ठेचाळीस.' आणि खाली त्याने पेन्सिलीने विहीर काढून भोवती बैल मांडायचा प्रयत्न केला होता. तीस काढून झाल्यावर कागद संपला होता.